तीन चुली आणि एक कानतुट्या

त्या रविवारी संध्याकाळी घराच्या तीन चुली झाल्या. कायमच्या. आजोबांनी जिन्याच्या पायरीवर बसून तसा निकाल दिला, आणि सगळ्यांनी तो ऐकला.

हे झालंच नाही असं धरून पुढचं वाचावं. घरातले सगळे तसंच धरून चालतात आणि त्यांचं आजवर काही अडलेलं नाही.

सुरुवात गुरुवारी झाली, आणि ती भोपळ्याने केली.

गुरुवार हा या घरात भोपळ्याचा वार. सोमवारी मसूर, मंगळवारी कोबी, रविवारी वाळलेले वाटाणे, असा क्रम थोरलीने लग्न होऊन आली त्याच वर्षी लावून टाकला होता. त्यानंतर सरकारं बदलली, थोरल्याच्या डोक्यावरचे केस गेले, समोरच्या दुकानाचे तीन मालक झाले. गुरुवारचा भोपळा जागचा हलला नाही. त्याला कारण होतं. थोरली बाजाराला जायची ती बाजार उठताना. विक्रेते ताडपत्र्या गुंडाळू लागले की भोपळा कोणालाच परत न्यायचा नसतो, कारण तो जड असतो. अशा वेळी थोरली भोपळ्याकडे ढुंकूनही न बघता कांदे चाचपत उभी राही. शेवटी भोपळेवालाच काकुळतीला येऊन म्हणे, "बाई, न्या हा, आणि माझी पाठ वाचवा." मग थोरली उपकार केल्यासारखा तो पिशवीत घाली.

घर चौघांच्या कमाईवर चाले. थोरला प्लंबर, धाकटा दातांच्या कवळ्या बनवणारा, धाकटी मोटार चालवायला शिकवणारी, आणि आत्या बसस्थानकावर घोषणा देणारी. पण चौघांची कमाई ताटापर्यंत पोचवायची ती थोरलीने. कोबीची वरची पानं, फ्लॉवरचे दांडे, वाटाण्याच्या साली, जे इतर घरांत कचऱ्यात जातं त्याचं तिच्या हातून सार व्हायचं, भाजी व्हायची, आणि वर कोणीतरी मागून घ्यायचं. घर शाकाहारी होतं ते पणजोबांनी आणलेल्या कोंबडीपासून. ती खायला म्हणून आणली होती. सुरी आणायला गेलेले पणजोबा परत येईपर्यंत पोरांनी तिला नाव दिलं. नाव असलेलं कोण खातं? ती म्हातारी होऊन मेली आणि तोवर सगळ्यांना डाळीची सवय लागली.

तर गुरुवार. सगळे जमिनीवर गोल बसलेले, मधे पातेलं. थोरली पळी घेऊन धाकट्यापाशी आली आणि धाकटा म्हणाला,

"पुन्हा भोपळा?"

पळी हवेत थांबली.

"पुन्हा म्हणजे?" थोरली म्हणाली.

"म्हणजे... मागच्या गुरुवारीही होता ना, वहिनी."

"मागच्या गुरुवारी गुरुवारही होता, भावजी. त्याला नाही बोललात काही."

"मी भोपळ्याला वाईट म्हणत नाहीये. फक्त भोपळ्याला दात लागत नाहीत. दिवसभर मी लोकांसाठी दात बनवतो. घरी आलो की वाटतं, माझ्या धंद्याला घरातूनच विरोध आहे."

थोरला हसला, बायकोकडे नजर गेली आणि हसण्याचा खोकला झाला. प्लंबर माणूस, गळती वेळेत बंद करता येत होती त्याला.

धाकटीचा दिवस शिकाऊ माणसांच्या शेजारी, जादा ब्रेकवर पाय ठेवून जाई. समोर काय येऊन आदळणार हे तिला इतरांच्या आधी दिसायचं. आत्ताही दिसत होतं. तरी तिने पाय उचललाच.

"ताई, मी काय म्हणते, महिन्यातून एकदा मशरूम आणले तर?"

"मशरूम," थोरली म्हणाली. भाडं न देता पळालेल्या भाडेकरूचं नाव घ्यावं तसं. "ते पाणी विकतात गं वजनावर. कढईत टाकले की निम्मे जातात कुठे ते त्यांनाही ठाऊक नसतं."

"मग मी माझ्या पैशांनी आणते."

आता 'पुन्हा' हा शब्द एकवेळ चालला असता. 'माझ्या' हा शब्द या घरात फक्त टूथब्रशच्या संदर्भात वापरला जात असे. थोरल्याची कॉलेजात जाणारी लेकसुद्धा फोनमधून वर बघायला लागली.

"मला चालतील मशरूम," आत्या म्हणाली.

"वन्सं, तुम्हीसुद्धा?"

"मी फक्त चालतील म्हटलं. बस वेळेवर सुटेल असंही मी रोज म्हणते."

थोरलीने पळी पातेल्यात ठेवली. "ठीक आहे. एवढं कंटाळलाय ना सगळे? करा मग वेगळ्या चुली."

हे तिने म्हटलं ते कोणीतरी 'छे छे' म्हणेल म्हणून. पण कोणी काही म्हटलं नाही, कारण सगळ्यांची तोंडं भरलेली होती. भोपळ्याला दात लागत नाहीत हे खरं, पण तो गिळायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात शांतता पसरली, आणि शांततेचा अर्थ थोरलीने लावायचा तोच लावला.

आजोबांनी ताटातून मान वर केली. ते जन्मभर ट्रक तोलायच्या काट्यावर कामाला होते. टनाखालचं वजन त्यांना वजन वाटतच नसे, आणि घरातले वाद तर टनाखालीच येत. पण काट्यावर चढलेल्याला आकडा सांगायचा, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता.

"रविवारी करून बघा," ते म्हणाले. "तीन मजले, तीन चुली. खाली मी आणि माझी लेक, मधे थोरला, वर धाकटा. संध्याकाळपर्यंत एका मजल्यावरचं माणूस दुसऱ्या मजल्यावर काही मागायला गेलं, की नाटक बंद, पुन्हा एक चूल. कोणीच गेलं नाही, तर चुली वेगळ्या. कायमच्या."

"मीठसुद्धा मागायचं नाही?" थोरल्याने विचारलं.

"मीठसुद्धा."

"आणि काडेपेटी?"

"तू आत्ताच मागतोयस," आजोबा म्हणाले, आणि भोपळा मागून घेतला.

शनिवारी दुपारी थोरली वाटणीला बसली. तांदूळ, डाळी, वाटाणे, तेल. तीन डबे, तीन बाटल्या. हात चालत होते, मन चालत नव्हतं. एका भोपळ्यात सगळ्या घराची पंगत उठवणं तिला जमत होतं. पहिल्या वाढीला पळी अर्धी, दुसऱ्या वाढीला पाऊण, आणि तिसऱ्या वाढीला रिकामं पातेलं हातात धरून इतक्या आग्रहाने 'घ्या ना आणखी' म्हणायचं, की समोरच्याने पोटावर हात ठेवून नकोच म्हणावं. ही विद्या मोठ्या पंगतीची होती. उद्या कोणी काही मागायला आलं नाही, तर उरणार कोण? एक नवरा, जो काहीही खातो, आणि एक लेक, जी फोनमध्ये बघत जेवते आणि काय खाल्लं ते सांगू शकत नाही. त्यांच्यापुढे कसली विद्या पाजळायची?

"तुम्ही मागायला जाल ना कोणाकडे तरी?" तिने नवऱ्याला हळूच विचारलं.

"मी? काय मागू?"

"काहीही. कांदा मागा."

"कांदे तर तूच सगळ्यात जास्त आपल्या डब्यात टाकलेत."

थोरलीने डब्याकडे पाहिलं. खरंच टाकले होते. हाताला सवय, सगळे तिच्याकडेच जेवणार म्हणून.

वरच्या मजल्यावर धाकटी मशरूमची पुडी उघडून बघत होती आणि पुन्हा बंद करत होती. "जमेल ना हो मला?" तिने विचारलं.

"भाजी तर करायची आहे."

"भाजी नाही हो. संध्याकाळपर्यंत कोणाकडे न जाणं."

संध्याकाळी वाटाणे भिजत घालायची वेळ झाली. रविवारी वाटाणे, हे चुली वेगळ्या झाल्या म्हणून बदलणार थोडंच? धाकटीचेही मशरूम वाटाण्यांतच पडणार होते, कारण नुसत्या मशरूमने पोट भरतं असं तिचंही म्हणणं नव्हतं. आणि वाटाणे मोजायचे म्हणजे कानतुट्या हवा.

कानतुट्या म्हणजे पत्र्याचा, वर निळा मुलामा दिलेला एक मोठा मग. कोणीतरी ट्रकवाला काट्यावर विसरून गेला तो आजोबांनी घरी आणला, आणि त्याच दिवशी त्याचा कान तुटला. तेव्हापासून घरातलं माप तेच. पाहुणा आला तर शिगोशीग, कोणी परगावी गेलं तर सपाट. दुसरं, त्याहून लहान माप घरात नव्हतं. कधी लागलंच नव्हतं.

"वहिनी, कानतुट्या द्या जरा," म्हणत धाकटा खाली आला. "रविवार लागायच्या आत मागून घेतो."

त्याने एक माप वाटाणे भरले, बोटाने वरून सपाट केले आणि वर नेले. लहानपणापासून हे काम त्याचंच होतं. त्याच्यामागून आत्या आली, तिनेही एक माप नेलं. मग थोरलीने स्वतःच्या डब्यातून एक माप घेतलं. तिघांनाही यात काही वावगं वाटलं नाही. वाटाणे एक माप भिजवायचे असतात. सूर्य पूर्वेला उगवतो, तसं.

रविवारी सकाळी तिन्ही मजल्यांवरची झाकणं पातेल्यांच्या वर आली होती.

"अहो," धाकटी म्हणाली, "हे वाटाणे किती भिजवलेत?"

"एक माप."

"कोणाचं माप?"

"आपलं."

"आपलं म्हणजे कोणाचं?"

धाकट्याने पातेल्यात पाहिलं. वाटाणे काठावर येऊन त्याच्याकडे बघत होते. "सगळ्यांचं," तो म्हणाला.

बारकी, त्यांची लेक, मधे आली. "बाबा, आपल्याकडे कोण कोण जेवायला येणार आहे?"

"कोणी नाही."

"मग आपण परवापर्यंत जेवत बसायचं का?"

दुपार व्हायच्या आत तिन्ही मजल्यांवरून कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. एका खेपेत मावेनात म्हणून दुसरी खेप, दुसरीत मावेनात म्हणून तिसरी. रस्त्याने जाणारा एक माणूस दारात थांबला आणि इथे कारखाना कधी निघाला म्हणून विचारून गेला.

थोरलीने बटाटे घालून केले. धाकटीने टोमॅटो आणि मशरूम घालून केले. खाली आत्याने मीठ घालून नुसते उकडले आणि वर कांदा चिरला, कारण तिला एवढंच येत होतं. घरातला फ्रिज होता खालच्या मजल्यावर. त्यात पातेलं ठेवू द्या म्हणणं हेही मागणंच झालं असतं.

धाकटी पातेल्यापुढे उभी राहिली. टाकून द्यायचं? शिकायला येणाऱ्यांना ती सांगायची, घाबरलात की आधी पाय काढा, मग विचार करा.

"मागायचं नाही असं ठरलंय," ती म्हणाली. "द्यायचं नाही असं कोणी म्हटलंय?"

आणि वाटाण्यांचं मोठं भांडं भरून ती मधल्या मजल्यावर उतरली.

थोरलीने दार उघडलं. मनात म्हणाली, आली. हरली. आणि तिला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. समोरची पोर घामाने निथळत होती.

"ताई, मागायला नाही आले हं. जरा जास्त झालंय, म्हटलं तुम्हाला द्यावं."

"कशाला गं..." थोरली म्हणाली. तिच्यामागे तिचं स्वतःचं पातेलं ओसंडत होतं. धाकटीने ते पाहिलं. थोरलीने धाकटीला ते पाहताना पाहिलं.

पण भांडं रिकामं परत कसं पाठवायचं? तसं या घरात कधी झालं नव्हतं. थोरलीने मशरूमची भाजी आपल्या पातेल्यात ओतली, आणि भांडं वाटाणे-बटाट्याने काठोकाठ भरून धाकटीच्या हातात दिलं. जेवढं आलं तेवढंच गेलं. मग उरलेल्याचं करायचं काय, म्हणून थोरल्याने एक पातेलं उचललं आणि तो खाली गेला. "बाबा, मागायला नाही आलो," असं त्याने दारातूनच सांगितलं. आत्याने तेही घेतलं, आणि पातेलं उकडलेल्या वाटाण्यांनी भरून परत केलं. मग तिला वाटलं, वरच्यांना दिलं नाही तर वाईट दिसेल.

दुपारभर जिना वाहता होता. वरून खाली, खालून मधे, मधून वर. जो यायचा तो दारातूनच आपण मागायला आलो नसल्याचं जाहीर करायचा. प्रत्येक भांडं भरून जायचं आणि भरून यायचं. घरातला एक वाटाणा कमी होत नव्हता.

"आजोबा," बारकी पातेल्यात वाकून म्हणाली, "हे आमचेच आहेत. हा मशरूम मी मघाशी पाहिलाय. याचा कान तुटलाय."

आजोबांनी मशरूम निरखून पाहिला. "असेल. मोठं घर आहे, भेटतात माणसं पुन्हा."

ऊन कललं तेव्हा थोरलीच्या ध्यानात आलं. तिने पातेल्यात पळी फिरवली: बटाटे, मशरूम, टोमॅटो, कांदा. नवऱ्याला वर पाठवून धाकटीच्या पातेल्यात काय आहे ते बघायला सांगितलं. तो येऊन म्हणाला, "बटाटे, मशरूम, टोमॅटो, कांदा." खालीही तेच. तीन मजल्यांवर तीन बायकांनी दिवसभर खपून शेवटी एकच भाजी केली होती, आणि चव घेतली तर ती आजवरच्या कुठल्याही रविवारपेक्षा बरी होती. थोरलीने दुसऱ्यांदा चव घेतली. मशरूममुळे नसेल, असं तिने ठरवलं. मग तिसऱ्यांदा घेतली.

शेवटची खेप जिन्यातच अडली. धाकटा-धाकटी वरून पातेलं घेऊन उतरत होते, आत्या खालून चढत होती, आणि थोरला-थोरली मधल्या दारातून बाहेर पडले. जिना अरुंद. तीन पातेली समोरासमोर आली, आणि कोणालाच मागे सरता येईना.

"आधी तुम्ही घ्या," आत्या म्हणाली.

"आमच्याकडे आहे," धाकटा म्हणाला.

"आमच्याकडेही आहे," थोरला म्हणाला.

"मला भूक लागलीय," बारकी म्हणाली. दिवसभरात हे पहिलंच समजूतदार वाक्य होतं. सगळ्यांच्या लक्षात आलं, की सकाळपासून नुसतं वाढणं चाललंय, जेवलं कोणीच नाही.

मग बसले तिथेच. पायरीवर पायरी, मांडीवर ताट. थोरल्याच्या लेकीने भाताची भांडी आणली. पळी कोणी घ्यायची हा प्रश्न आला नाही. थोरली उभीच होती. पहिल्या वाढीला ती सवयीने अर्धी पळी घालायला गेली, आणि थांबली. आज पातेली तीन होती. तिने पळी भरून वाढली. मग आणखी एक.

"वहिनी, पुरे," धाकटा म्हणाला.

"पुन्हा घ्या," थोरली म्हणाली. 'पुन्हा'वर तिने जोर दिला, धाकट्याने मान खाली घातली, आणि थोरल्याला परत खोकला आला.

आजोबा सगळ्यात खालच्या पायरीवर होते. हात धुऊन त्यांनी घसा साफ केला.

"कोणी कोणाकडे मागायला गेलं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. निदान एक कांदा तरी? नवऱ्याने मान हलवली. खोटं बोलायला जागा नव्हती. दिवसभर प्रत्येकाने दारात उभं राहून, मोठ्याने, साक्षीदारांसमक्ष सांगितलं होतं.

"नाही गेलं कोणी," धाकटी म्हणाली. जिंकली होती ती, पण आवाजात तसं काही नव्हतं.

"मग चुली वेगळ्या. कायमच्या."

"बाबा, पण—" धाकटा म्हणाला.

"काट्यावर आकडा आला की आला."

थोरलीने पळी ताटात ठेवली, पुन्हा उचलली. हिचं आता काय करायचं हे तिला कळत नसावं.

"बरं," ती म्हणाली. "उद्या सोमवार. मसूर किती भिजवू?"

"एक माप," आजोबा म्हणाले. त्यांना दुसरं उत्तर माहीतच नव्हतं.

"मीही एक माप?" धाकटीने विचारलं.

"मसूर एक मापच भिजवतात."

धाकटीने तीन पातेल्यांकडे पाहिलं. ती अजून निम्मी भरलेली होती. "म्हणजे उद्या परत जिना," ती सावकाश म्हणाली. "बाबा, एक माप सगळ्यांना पुरतं. मग तीन चुलींपैकी एकच पेटवली तर नियम मोडतो का?"

आजोबांनी विचार केला. "चुली वेगळ्या पाहिजेत. रोज सगळ्या पेटल्या पाहिजेत असं मी म्हटलेलं नाही."

थोरलीने वर पाहिलं. "उद्याची माझी," ती घाईघाईने म्हणाली. मग जरा थांबून, "मंगळवार तू घे गं. कोबी आहे."

"कोबीत मशरूम घातले तर?"

"घाल." हे म्हणायला थोरलीला वेळ लागला. "पण बाजार मी करणार. तुझा तो मशरूमवाला टोपल्या कधी आवरतो?"

"अंधार पडताना."

"तेव्हाच जायचं. त्याच्याकडे बघायचं नाही, आलं चाचपत उभं राहायचं. ये माझ्याबरोबर, दाखवते."

"आणि वाढायचं कोणी?" धाकटीने विचारलं.

"वाढणार कोण म्हणजे? पळी माझ्याकडेच आहे की."

"भोपळा माझ्या पाळीला नको," आत्या म्हणाली. "मला फक्त उकडता येतं."

"भोपळा उकडूनच करतात, वन्सं."

धाकटी हसत सुटली. पोट भरलं होतं, पाय ब्रेकवर नव्हता, आणि म्हणून तिच्या तोंडून ते गेलं: "पण ताई, सोपं होतं की सगळं! शनिवारीच कोणी बाजारातून एक छोटंसं माप आणलं असतं, तीन माणसांचं, तर एवढा घोळ झालाच नसता. चुली नीट वेगळ्या झाल्या असत्या."

थोरला भिंतीवरच्या पाइपात कुठे गळती आहे का ते बघू लागला. धाकट्याने बायकोच्या ताटात न विचारता बटाटा घातला. आजोबांना ऐकू आलं नव्हतं, आणि त्यांचे कान उत्तम होते. थोरलीने पायरीवर टेकून भाताच्या भांड्यांबरोबर आलेला कानतुट्या उचलला, पदराने पुसला आणि मांडीवर घेतला.

धाकटीने जीभ चावली.

तेव्हा आत्या पायरीवर उभी राहिली, बसस्थानकावरच्या, कोणीही कधी कान न दिलेल्या त्या स्वच्छ आवाजात बोलू लागली, आणि सगळ्यांनी नेहमीप्रमाणे आपापलं जेवण चालू ठेवलं:

"कृपया इकडे लक्ष द्या. वरच्या, मधल्या आणि खालच्या मजल्यावरील सर्व रहिवाशांच्या वतीने, संबंधितांना नम्र विनंती करण्यात येते की, सदर कुटुंबाच्या तीन स्वतंत्र चुलींकरिता एक लहान माप खरेदी करण्यास तातडीने मंजुरी देण्यात यावी."